सावद्याची मडम

वादाला तोंड फुटलं ते अभिमन वकिलांच्या ओसरीवर, आणि तेही चिवडा संपल्यानंतर. चिवडा असेपर्यंत त्या रविवारच्या बैठकीत कुणाचा कुणाशी मतभेद होत नसे. जळगावातली संगीताची जाण असलेली, किंवा आपल्याला ती आहे असं बायकोला पटवून रविवारी घराबाहेर पडू शकणारी पाचसहा माणसं तिथे जमत. वकिलांनी नवा रेडिओग्राम घेतला होता. तो कपाटाएवढा होता आणि त्याच्यावर वकीलीणबाईंनी विणलेला रुमाल होता. रुमाल उचलायचा मान फक्त वकिलांचा.

त्या दिवशी सिलोनवर एक इंग्रजी चीज लागली. जॅझ म्हणतात त्यातली. आधी पियानो, मग एक रडवी पिपाणी, मग सगळा बँड. मंडळींनी माना डोलावल्या. इंग्रजी संगीताला मान कुठे डोलवायची हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येकाची मान वेगळ्या ठिकाणी डोलत होती. फक्त लीलाधरराव भारंबे डोळे मिटून स्वस्थ बसले होते. लीलाधरराव एका विमा कंपनीच्या शाखेत हेडक्लार्क होते. वय चाळिशीला टेकलेलं, लग्न झालेलं नाही, घरी आई आणि एक चावीचा फोनो. चीज संपली तसे त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हे नुसतं वाजवायचं नाही. हे गाणं आहे. बाई गाते."

"लीलाधर," वकील म्हणाले, "ही धून जगातल्या यच्चयावत बँडवाल्यांनी वाजवलेली आहे. गायलेली कुणी ऐकलेली नाही. माझ्याकडे विलायती कॅटलॉग आहे. त्यात नाही."

"मी ऐकलंय."

"कुठे? लंडनला?"

"भुसावळला," लीलाधरराव म्हणाले.

ओसरीवर जे हसू फुटलं, ते ऐकून वकीलीणबाई आतून बाहेर आल्या, आणि त्यांना कारण सांगितल्यावर त्याही हसल्या. लीलाधररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पण ते खरं होतं. लढाईच्या दिवसांत लीलाधरराव भुसावळला रेल्वेच्या मालधक्क्यावर उमेदवारी करत होते आणि साहेबलोकांच्या क्लबाच्या मागे एका खोलीत राहत होते. गावात ओळखीचं कुणी नव्हतं. शनिवारी संध्याकाळी खानावळीचा डबा घेऊन परत येताना क्लबाच्या भिंतीपलीकडून एकदा हे गाणं आलं. बाईचा आवाज होता, जाडसर, जरा घोगरा, आणि कुणाला तरी जवळ बसवून सांगावं तसा. शब्द एक कळला नाही. लीलाधरराव डबा हातात धरून भिंतीशी उभे राहिले. इतक्या मोठ्या गावात आपल्याशी पहिल्यांदा कुणीतरी बोललं असं त्यांना वाटलं. वरण थंड झालं. पुढच्या सगळ्या शनिवारी ते तिथेच उभे राहिले, पण गाणं पुन्हा लागलं नाही. नाव तेवढं कुणाकडून तरी विचारून ठेवलं होतं. त्या नावाचा अर्थ साधारण असा, की तू तर निघून गेलास, आता मी दिवा कुणासाठी लावू.

हे सगळं ओसरीवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लीलाधरराव उठून उभे राहिले आणि नको ते बोलून बसले. "आंबे संपायच्या आत ती तबकडी आणून तुमच्या या मशीनवर लावीन. नाही लावली, तर पुन्हा या ओसरीची पायरी चढणार नाही."

"रुमाल मी स्वतः उचलीन," वकील म्हणाले.

घरी जाताना लीलाधररावांच्या लक्षात आलं की आपण काय पणाला लावलं. ती ओसरी सोडली तर रविवारी त्यांची वाट बघणारं जळगावात दुसरं कुणी नव्हतं. आई यशोदाबाई होती, पण ती सुनेची वाट बघत होती. लीलाधररावांकडे ती नुसती बघायची.

शेजारचे उखर्डूनाना महसूल खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना त्यांना कुणी सल्ला विचारला नव्हता. तो सगळा साठा आता गल्लीत वाटणं चालू होतं. त्यांनी हकीकत ऐकून घेतली, अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, "अर्ज करा."

"कुणाकडे?"

"ते मागाहून ठरतं. आधी अर्ज."

तेव्हा लीलाधरराव अर्ज घेऊन भुसावळला गेले. साहेबलोक स्वराज्याबरोबर बोटीत बसून गेले होते. क्लबाच्या नाचाच्या दालनात आता दोन कॅरम मांडलेले होते. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि सांगितलं की संगीत हा विषय क्रीडा विभागाकडे येतो. क्रीडा विभाग म्हणजे तोच कारकून, पण दुपारनंतर. दुपारनंतर त्याने अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"कारण काय लिहिलंय? 'वैयक्तिक'. वैयक्तिक कारण चालत नाही."

"मग कसलं चालतं?"

"सार्वजनिक काहीतरी लिहा."

लीलाधररावांनी बराच विचार केला आणि 'पंचवार्षिक योजना' असं लिहिलं. कारकुनाने तत्काळ मंजुरीची सही केली, अर्ज फायलीत लावला आणि मग तोंडी सांगितलं की तबकड्या इथे नाहीतच. साहेब गेले तेव्हा सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या चांगल्या होत्या, तबकड्यांना कुणी हात लावीना, म्हणून अट अशी घातली की खुर्च्या हव्यात तर तबकड्याही उचला. धुळ्याचा बन्सीलाल मांडववाला दोन्ही घेऊन गेला.

"मग हे सकाळी का नाही सांगितलं?"

"सकाळी मंजुरी कुठे होती?" कारकून म्हणाला.

धुळ्याला जायचं ठरलं तेव्हा उखर्डूनानांनी दुसरा सल्ला दिला. फोनो बरोबर न्या. दुकानदार तुमच्या गळ्यात दुसरीच तबकडी मारेल आणि ते तुम्हाला घरी आल्यावर कळेल. सल्ला इतका शहाणपणाचा होता की त्याचे परिणाम वाईट होणार हे लीलाधररावांनी ओळखायला हवं होतं. त्यांनी फोनोची पेटी जुन्या धोतरात बांधली, त्याच धूनची बँडवाली तबकडी नमुना म्हणून आत ठेवली आणि पूर्व खानदेशातून पश्चिम खानदेशात जाणाऱ्या एस.टी.त जाऊन बसले.

पारोळा मागे पडलं. पुढे एका जकात नाक्यावर गाडी थांबली. नाकेदाराने टपावरच्या मिरच्यांच्या पोत्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याचं लक्ष नेमकं धोतराकडे गेलं.

"यामा काय शे?"

"फोनो आहे. माझा स्वतःचा. वापरातला."

"लायसन?"

"लायसन रेडिओला लागतं. याला नाही लागत."

"आवाज येस ना यामाईन?"

"येतो."

"रेडिओमाईन बी येस." नाकेदार समजूतदारपणे म्हणाला. "मंग लायसन?"

फोनोमध्ये आवाज कुठून येतो आणि रेडिओमध्ये कुठून, हे लीलाधररावांनी त्याला मनापासून समजावून सांगितलं. विमा विकणाऱ्या कंपनीत आयुष्य गेल्यामुळे कठीण गोष्ट सोपी करून सांगायची त्यांना सवय होती, आणि त्यामुळे ती आणखी कठीण होई. शेवटी नाकेदार म्हणाला, "देखाडा बरं वाजाडीसन." लीलाधररावांनी नाक्याच्या ओट्यावर पेटी मांडली, चावी दिली, सुई ठेवली. पियानो झाला. पिपाणी झाली. नाकेदार, त्याचा शिपाई आणि एक बैलगाडीवाला मांडी घालून ऐकत बसले. ड्रायव्हरनेही थोडं ऐकलं. त्याला ते आवडलं नसावं, कारण धून संपली तेव्हा गाडी गेलेली होती आणि गाडीत लीलाधररावांची छत्री, टोपी आणि दशम्या होत्या.

"चांगलं शे," नाकेदार म्हणाला. "जा तुम्ही. जकात नही लागस."

उरलेलं अंतर लीलाधररावांनी फोनो खांद्यावर घेऊन पायी तुडवलं. माणूस उघड्या डोक्याने, घामाघूम, खांद्यावर फोनो घेऊन धुळ्यात शिरला की लोक त्याला कोण समजतात हे त्यांना पहिल्याच चौकात कळलं. एका म्हातारीने पदर सावरत विचारलं, "बारशाले कितला लेतस हो भाऊ?" लीलाधरराव हेडक्लार्क होते. त्यांच्या हाताखाली दोन माणसं आणि एक टंकलेखन यंत्र होतं. ते तसेच पुढे गेले. तर म्हातारी मागून म्हणाली, "भलता ताठा शे याले!"

बन्सीलाल मांडववाल्याच्या वखारीत खुर्च्याच खुर्च्या होत्या. साहेबांच्या खुर्च्या लगेच ओळखू येत. त्यांची बैठक रुंद होती आणि पाठ नक्षीची. बन्सीलाल त्यांतल्याच एकीवर मांडी घालून बसला होता. लीलाधररावांना वाटलं होतं तशी त्याने तबकडी गळ्यात मारली नाही, कारण त्याच्याकडे तबकडीच नव्हती.

"मी खुर्च्या लिध्यात, भाऊ. त्या तबकड्या नुसत्या संगे उन्यात. मले काय करनं शे त्यास्नं? कोनतं गाणं पाह्यजे तुम्हले?"

फोनोने उन्हात मान टाकली होती. चावी फिरेना. मग लीलाधररावांनी ती धून गुणगुणून दाखवली. बन्सीलालने डोकं खाजवलं आणि शेजारच्या भांडीवाल्याला हाक मारली. भांडीवाल्याने आपल्या भावाला हाक मारली. त्या सगळ्यांसमोर, मांडवाच्या बांबूंच्या मधोमध उभं राहून लीलाधररावांनी ती धून पुन्हा पहिल्यापासून म्हटली. संपायच्या आत बन्सीलालने मांडीवर थाप मारली.

"अरे, हाई तं मडमनं गाणं! सावदाले बठ्ठास्ना, सगळा गावना हळदीमा वाजस. त्या तबकड्या नासीर लाऊडस्पीकरवाला लई गया. त्याले देखा."

एवढ्या वर्षांत हे गाणं ऐकलेला दुसरा माणूस लीलाधररावांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांना बन्सीलालला मिठी मारावीशी वाटली. पण भांडीवाला बघत होता.

पुढच्याच सुटीला ते सावद्याला गेले. केळीच्या बागा मागे टाकत गाडी गावात शिरली. नासीर आपल्या दुकानात लाऊडस्पीकरचा कर्णा मांडीवर घेऊन पुसत होता. मडमचं नाव काढताच तो उठला, हात धुतले आणि लोखंडी पेटीतून एक तबकडी काढून आणली. लाल फडक्यात गुंडाळलेली. तिच्या मधल्या कागदावर हळदीकुंकवाचा इतका जाड थर बसला होता की खाली काय छापलंय ते देवालाही वाचता आलं नसतं.

"लावा," लीलाधरराव म्हणाले.

"असं कसं लावू भाऊ?" नासीर म्हणाला. "ही हळदीशिवाय नाही वाजत."

मग त्याने सांगितलं. तबकड्यांची पेटी धुळ्याहून आणली त्याच वर्षी एका घरी हळद होती. नवरदेवाचा मामा रुसून बसलेला. नासीरने गडबडीत हाताला येईल ती तबकडी लावली, तर ही मडम गायला लागली. सगळा मांडव चूप झाला. मामासुद्धा काय चाललंय ते बघायला खोलीतून बाहेर आला, आणि एकदा बाहेर आलेला माणूस पुन्हा कसा रुसणार? पुढच्या लग्नात मडम लावली नाही, तर वरमाय रुसली, आचारी रुसला आणि मांडव पडला. तेव्हापासून सावद्यात मडम वाजल्याशिवाय हळद लागत नाही. आधी सवाष्णी तिला हळदकुंकू लावतात, मग नासीर सुई ठेवतो. "एका जागी अडकते ती. तीनदा तेच म्हनते. मी बोटानं टिचकी देतो, मग जाते पुढे. पन उगाच वाजवली आन गावाले कळलं, तर माझा धंदा बसला ना भाऊ."

"विकत द्या मग."

नासीरने तबकडी छातीशी धरली. "गाव मले विकन. तुम्ही असं करा. लगन काढा घरात. हळदीले वाजवतो, पोटभर आयका."

लीलाधरराव घरी आले, ओट्यावर बसले आणि पायातला जोडा न काढता म्हणाले, "सावद्याला जाऊन आलो."

यशोदाबाईने 'सावदा' एवढंच ऐकलं. सावद्याच्या कौतिक पाटलांच्या इंदिरेचं स्थळ ती तीन वर्षं मुलापुढे ठेवत होती. मुलगी शाळेत मास्तरीण, पंचविशी उलटलेली, सांगून आलेल्या सगळ्यांना तिने नकार दिलेला. "माय व!" यशोदाबाई म्हणाली. "मंग पाह्याले जायचं का? तू फक्त हाव म्हन."

लीलाधररावांच्या डोक्यात त्या क्षणी जो विचार आला, तो त्यांनी पुढे कुणालाच सांगितला नाही. मुलगी बघायला आलेला पाहुणा म्हणजे गावाचा पाहुणा. कौतिक आबांनी शब्द टाकला तर नासीर नाही कसा म्हणेल? गाणं ऐकावं, तबकडी एका दिवसासाठी मागून घ्यावी आणि मुलीबद्दल 'कळवतो' म्हणावं. सगळे तसंच म्हणतात.

"हाव," ते म्हणाले. यशोदाबाईने तिथल्या तिथे डोळ्याला पदर लावला आणि उखर्डूनानांनी भिंतीपलीकडून सल्ला दिला, की गाडीभाड्याला मागेपुढे पाहू नका.

कौतिक आबांच्या बैठकीत शेव आली, केळी आली, लोटीभर दूध आलं. इंदिरा आली, नमस्कार करून समोर बसली. चेहरा शांत होता. वर्गात पोरं आपणहून गप्प बसतील असा. मडमचा विषय कसा काढावा याची लीलाधरराव जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात कौतिक आबांनीच तो काढला.

"तुम्ही इंग्रजी शिकेल हायत. आमच्या गावात एक मडमचं गाणं हाये. सातआठ वर्सं झाले, आयकू राह्यलो. काय म्हनते हो ती?"

"आबा, तसं..." लीलाधरराव चाचरले.

"मागे एक ग्र्याज्वेट आला होता इंदिरेले पाह्याले. तो म्हने, ती बाई रडू राह्यली, तिचा मानूस पळून गेला. हळदीत रडन का कोनी? मी म्हटलं, बाबा, तू नापास हायस. जाय."

दारात बायका जमल्या होत्या. त्यांच्यातल्या निम्म्या त्या गाण्यावर हळद लागून संसाराला लागलेल्या, आणि एकदोन येत्या वैशाखात लागणार होत्या. नासीरही उंबऱ्याशी येऊन उभा होता, अंगात ताप असल्यासारखा. लीलाधरराव आयुष्यात विमा कंपनीच्या कामाव्यतिरिक्त खोटं बोलले नव्हते. त्यांनी घसा साफ केला.

"ती म्हणते," ते म्हणाले, "की संध्याकाळ झाली आहे, तर दोघांनी मिळून दिवा लावावा."

बैठकीत एक समाधानाचा सुस्कारा निघाला. "मी सांगेल नव्हतं?" कौतिक आबा चारही दिशांना म्हणाले. नासीर भिंतीला टेकला.

हात धुवायला लीलाधरराव परसात गेले. पाणी घालायला इंदिरा आली. तांब्या वाकडा करता करता ती हळूच म्हणाली, "मडम तसं म्हणत नाही."

लीलाधररावांनी धुतलेलाच हात पुन्हा धुतला. "माहीत आहे मला."

"मग असं का सांगितलंत?"

"दारात त्या बायका उभ्या होत्या," ते म्हणाले. "त्यांना कसं सांगायचं?"

"मी बारा वर्षांच्या शाळेत जेवढं शिकले नाही तेवढं इंग्रजी त्या गाण्याचा अर्थ लावता लावता शिकले," ती मग म्हणाली. "कुणाला सांगितला नाही. तुम्ही गाणं ऐकायला आलात ना? मला बघायला नाही."

लीलाधररावांनी खाली पाहिलं. त्यांना भिंतीपलीकडून आलेला आवाज आठवला. जाडसर, जवळ बसवून सांगणारा. हिचा आवाजही फार वेगळा नव्हता. "आलो होतो गाण्यासाठी," ते म्हणाले. "आता नक्की सांगता येत नाही."

परत जाताना गाडीत बसायच्या आधीच निरोप आला की मुलीला पसंत आहे. यशोदाबाईने मुलाला विचारायची तसदी घेतली नाही, आणि लीलाधररावांनीही आपल्याला विचारलं नाही याबद्दल तक्रार केली नाही.

लग्न वैशाखात ठरलं. आंबे भरात होते. लीलाधरराव ओसरीवर जाऊन वकिलांना म्हणाले, "तयारी ठेवा. माझ्या लग्नात ऐकवतो." अशा डौलात ते आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि तो डौल हळदीच्या दिवसापर्यंत टिकला. त्या दिवशी सकाळी त्यांना पाटावर बसवलं, हातात कट्यार दिली, बायकांनी तोंडापासून टाचेपर्यंत हळद चोपडली, आणि तेव्हा, कानात हळद गेलेली असताना, लीलाधररावांच्या ध्यानात एक गोष्ट आली. चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभर हळदी पाहिल्या असतील, पण ही गोष्ट त्यांना सुचली नव्हती. नवऱ्याची हळद नवऱ्याच्या घरी असते. मडम वाजणार होती नवरीच्या हळदीत. सावद्याला.

ते उठले. "मी सावद्याला जातो."

"बस खाली!" यशोदाबाई किंचाळली. "हळद लागेल नवरदेवानं शीव वलांडू नाही! भूत लागते!"

"उष्टी हळद घेऊन कुणी जाणारच आहे ना? मीच नेतो!"

आपली उष्टी हळद आपणच नवरीकडे घेऊन जाणारा नवरदेव त्या गल्लीने पाहिला नव्हता. बायकांनी पदर तोंडात कोंबले. उखर्डूनाना म्हणाले की कायद्यात तशी बंदी नाही, पण प्रघात नाही. शेवटी लीलाधररावांनी पाटावर बसूनच अभिमन वकिलांना बोलावून घेतलं.

"तुम्ही जा हळदीबरोबर. साक्षीदार म्हणून. कानाने ऐका."

"आणि गाणं नसलं तर?"

"तर उद्या भर मांडवात सांगा."

वकिलांना हे न्याय्य वाटलं. ते कोट चढवून, हळदीची वाटी सांभाळत सवाष्णींबरोबर सावद्याला गेले. दुपारभर लीलाधरराव पिवळ्या अंगाने पाटावर बसून पूर्वेकडे कान लावून होते. अंतर पाहता त्याचा उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड सावद्याला पोचलं, तर वकील सामोरे आले नाहीत. नासीर खांबाआडून डोकावला आणि लीलाधररावांची नजर पडताच दिसेनासा झाला. कर्ण्यावर सनई चालू होती. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, वकील शेवटच्या रांगेत खाली मान घालून अक्षता टाकत होते. बसण्यासारख्या खुर्च्या मोकळ्या असून ते उभे होते. जेवणाच्या पंगतीत घास भरवायची वेळ आली तेव्हा इंदिरेने घास पुढे केला आणि ओठ फारसे न हलवता म्हणाली, "मडम गेली."

"कुठे?"

"वकिलांच्या खाली."

घास लीलाधररावांच्या तोंडात तसाच राहिला. झालं होतं ते असं. मडम वाजली. वकिलांनी उभं राहून ऐकली, आणि बायका सांगत होत्या की त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांच्यातला वकील जागा झाला. पुरावा म्हणून नाव वाचायला हवं. त्यांनी तबकडी मागून घेतली, ओल्या रुमालाने मधली हळद पुसायला सुरुवात केली, तेवढ्यात जेवायला बोलावणं आलं. तबकडी त्यांनी जपून एका खुर्चीवर ठेवली. खुर्ची बन्सीलालकडून आलेली, क्लबाची, रुंद बैठकीची. त्यांनी जेवून घेतलं. पुरणपोळी उत्तम होती. जेवून ते परत आले, रुंद खुर्ची दिसली, आणि ते तिच्यावर बसले.

लीलाधररावांनी घास गिळला. अकरा वर्षं वाट पाहिलेली गोष्ट काल दुपारी पुरणपोळीनंतर मोडली, आणि त्याच वेळी आपण अंगाला हळद लावून पाटावर बसलो होतो, हे त्यांना कळलं. फार वाईट वाटलं. इतकं की शेजारी बसलेल्या इंदिरेने त्यांच्या ताटातली मिरची हळूच बाजूला केली, तेही त्यांना दिसलं नाही.

गावाने मात्र ते धीराने घेतलं. तुकडे जमा करून बायकांनी वाटून घेतले, आणि आता सावद्यात मांडवाच्या मेढीला आंब्याच्या डहाळीबरोबर मडमचा एक तुकडा बांधतात. रुसवेफुगवे होत नाहीत म्हणतात. नासीरचा धंदाही चालू आहे. तो तुकडा त्यानेच बांधायचा असतो.

पुढच्या रविवारी वकील आपल्या ओसरीवर उभे राहिले. "गाणं आहे," ते म्हणाले. "बाई गाते. मी ऐकलंय."

"मग तबकडी कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"तो विषय न्यायप्रविष्ट समजावा," वकील म्हणाले, आणि चिवडा आणायला स्वतः आत गेले.

म्हणजे लीलाधरराव जिंकले. ओसरीची पायरी शाबूत राहिली, आणि कुणी भुसावळचं नाव काढून हसलं नाही. फक्त गाणं तेवढं ऐकायचं राहिलं. एकदा त्यांनी इंदिरेला विचारून पाहिलं, की तुला येतं का ते. ती म्हणाली, "कुणाची हळद आहे का आज?" त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

श्रावण लागला होता. एके दिवशी कचेरीतून परत येताना लीलाधरराव आपल्याच दाराशी थबकले. दिवेलागणीची वेळ. हातात रिकामा डबा. आत स्वयंपाकघरात इंदिरा गात होती. आपल्याला कुणी ऐकत नाही अशा समजुतीने, जाडसर आवाजात, जवळ बसवून सांगावं तसं. एका जागी ती अडकली. तीच ओळ म्हणाली. पुन्हा म्हणाली. पुन्हा. मग तांब्यावर बोटाने टिचकी मारल्याचा आवाज आला आणि गाणं पुढे गेलं.

लीलाधररावांनी डबा दोन्ही हातांनी धरला. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"काय हो," उखर्डूनाना ओट्यावरून म्हणाले, "बाहेर का उभे? घरात घेत नाही का सूनबाई?"

लीलाधररावांनी गप्प राहायची खूण केली. नानांनीही कान दिला.

"इंग्रजी दिसतंय," नाना दबक्या आवाजात म्हणाले. "काय म्हणते?"

"म्हणते, दोघांनी मिळून दिवा लावावा."

नानांनी अडकित्ता खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"अहो, मग आत जा की," ते म्हणाले. "ती एकटीच लावतेय."